अज्ञानामुळे बर्फ वितळतो का?

बर्फवाला, हर्णै:

मासेमारी बंदी चालू आहे. होड्या वर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, कॉम्प्रेसर ओव्हरहॉलिंगला उघडून ठेवलाय. बी.एस्सी. फिजिक्स करून मी घरच्या बर्फाच्या कारखान्यात बसलो तो बसलोच, पण पावसाळ्यात जुनी पुस्तकं बाहेर काढायची खोड गेलेली नाही. यंदा स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स काढलंय आणि एका जागी गाडी रुतली आहे. इथे प्राध्यापक मंडळी आहेत म्हणून विचारतो. गणित चालेल. "हे असंच असतं, आकडेमोड करून मोकळा हो" हे उत्तर मात्र नको, ते कॉलेजात मिळून झालंय.

पुस्तक म्हणतं, रेणू इतके असतात की प्रत्येकाची जागा आणि वेग कळणं शक्य नाही, म्हणून आपण संभाव्यता वापरतो. एन्ट्रॉपी म्हणजे आपल्याला जे माहीत नाही त्याचं माप. बरं. दहा पानं उलटली की तेच पुस्तक म्हणतं, एन्ट्रॉपी वाढते म्हणून बर्फ वितळतो. आता ही दोन वाक्यं शेजारी शेजारी मांडा. मला माहीत नाही म्हणून लादी वितळते?

लादी कशी होते ते थोडं सांगतो, कारण प्रश्न तिथूनच आलाय. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात अमोनियाची कॉइल. टाकीतलं पाणी शून्याखाली आठ-दहा अंशांवर, पण मिठामुळे पातळच राहतं. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे सोडायचे. डब्यात बारीक नळीने हवा सोडत राहायची, नाहीतर लादी दुधाळ होते. गोठणं कडेकडून आत सरकतं आणि पाण्यातला क्षार, गाळ सगळा मधे ढकलत नेतं. म्हणून लादी फोडलीत तर कडा काचेसारख्या आणि पोटात पांढरी रेघ. डबा वर काढून साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटते, आणि सुटली की त्याच क्षणापासून वितळायला लागते. माझ्याकडे लाद्या ओढणारा जो गडी आहे त्याला रेणू म्हणजे काय ते ठाऊक नाही. मला थोडंफार ठाऊक आहे. लादी दोघांसमोर सारखीच वितळते.

आकडाही काढून बघितला. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. ही उष्णता २७३ केल्विनला बर्फात शिरते, म्हणजे बर्फाची एन्ट्रॉपी साधारण १२२३ ज्यूल प्रति केल्विन वाढली. बाहेरच्या ३० अंशांच्या, म्हणजे ३०३ केल्विनच्या हवेने तीच उष्णता दिली, तिची ११०२ ने घटली. निव्वळ वाढ १२१. हिला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने भागलं (१.३८ गुणिले १० चा उणे २३ वा घात) की येतात ८.८ गुणिले १० चा २४ वा घात. आता हे ई च्या डोक्यावर घात म्हणून चढवा. त्या किलोभर पाण्याने ३० अंशांच्या हवेत आपणहून पुन्हा बर्फ व्हायची शक्यता म्हणजे एक भागिले एक आकडा, आणि त्या आकड्यात अंकच जवळपास ४ गुणिले १० चा २४ वा घात इतके. ही आकड्याची किंमत नव्हे हो, तो लिहायला लागणाऱ्या अंकांची संख्या.

हा आकडा कुणाचा? माझ्या डोक्यातला की लादीतला? तो निघाला थर्मामीटर आणि वजनकाट्यावरून, माझ्या मनातली शंका कुणी मोजली नव्हती. आणि रेणू जर न्यूटनच्या नियमाने चालत असतील तर तिथे शक्यतेला जागाच नाही. आत्ता इथे आहे, पुढच्या क्षणी तिथे असणार, विषय संपला. वारंवारता म्हणावं तर ही लादी एकदाच वितळणार आहे. वेळेचा हिस्सा म्हणावं, म्हणजे पाणी अनंत काळ ठेवलं तर त्यातला किती काळ ते बर्फ असेल, तर एवढा काळ विश्वालाच अजून मिळालेला नाही, १३.८ अब्ज वर्षं त्या आकड्यापुढे शून्यच. मग उरतं अज्ञान, आणि अज्ञानाने बर्फ वितळत नाही. कुठे अडलोय ते सांगा.


आंबोळी, मालवण:

अरे बाबानू, बर्फ उन्हात ठेवलास तर वितळतलोच. तेका तुमचा अज्ञान कित्याक होया? माझ्या आवशीक फिजिक्स येणा नाय, तिच्या पाटयेतलो बर्फ पण वितळताच. बाकी चलू दे, वाचतंय.


निवृत्त मास्तर, चिपळूण:

बर्फवाले, प्रश्न चोख मांडलात. पण दुसऱ्या वाक्यातला "म्हणून" पुस्तकाने फुकट घातलाय आणि तुम्ही तो पूर्ण भावाने विकत घेतलात.

लादी का वितळते? कारण तिचे रेणू आत्ता ज्या नेमक्या स्थितीत आहेत तिथून, निसर्गाच्या नियमांप्रमाणे, पुढची स्थिती ती आहे. यात एन्ट्रॉपी नाही, संभाव्यता नाही, तुम्ही-मी नाही. संभाव्यता कुठे येते? मी तुमच्या दारात उभा राहून "ही लादी दुपारपर्यंत पाणी होणार" असं छातीठोक म्हणतो तिथे. मला नेमकी स्थिती ठाऊक नाही. तापमान, वजन, दाब एवढंच ठाऊक. या माहितीत बसणाऱ्या सगळ्या स्थिती डोळ्यांपुढे आणल्या तर त्यातल्या जवळपास सगळ्यांच्या शेवटी पाणीच आहे. म्हणून मी पैज लावतो. माझं अज्ञान लादीला वितळवत नाही. अज्ञान असूनही माझी पैज का चुकत नाही, एवढंच ते गणित सांगतं.

१९५७ साली जेन्स या भौतिकशास्त्रज्ञाने फिजिकल रिव्ह्यूमध्ये दोन लेख लिहून हे नीट बांधलं. शॅननने १९४८ मध्ये टेलिफोन-तारेच्या संदेशांसाठी माहितीचं माप दिलं होतं. जेन्स म्हणाला, जेवढं माहीत आहे तेवढं पाळा, बाकी कशातही पक्षपात करू नका, म्हणजे ते माप जास्तीत जास्त ठेवा. तेवढ्यावर गिब्जने १९०२ मध्ये मांडलेली सगळी सूत्रं हातात येतात. अनंत काळ थांबायला नको, एकाच लादीच्या हजार प्रती मनात रचायला नकोत.

आणि तुमचा "आकडा कुणाचा" हा प्रश्न. उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तो एकट्या लादीचा नाही. निऑन घ्या. एका भांड्यात निऑन-२०, शेजारी निऑन-२२, मधला पडदा काढला. १९१३ मध्ये थॉमसनला निऑन दोन वजनांचा दिसला. त्याच्या आधीच्या कुठल्याही रसायनतज्ज्ञाने सांगितलं असतं की एकच वायू आहे, मिसळून एन्ट्रॉपी तसूभर वाढली नाही. आजचा माणूस म्हणेल, वाढली, रेणूमागे के लॉग २ (के म्हणजे तुमचा तो बोल्ट्झमनचा स्थिरांक). दोघांत खोटं कोण? कुणीच नाही. पहिल्याकडे दोन निऑन वेगळे ओळखणारा पडदाच नाही, त्यामुळे त्या मिसळण्यातून त्याला कामही काढता येत नाही, आणि त्याचा हिशेब त्याच्या कारखान्याला पुरून उरतो. दुसऱ्याकडे तसा पडदा असेल तर तो मिसळू देताना काम काढून घेईल. एन्ट्रॉपी ही वायू आणि तुमच्या हातातली हत्यारं यांची मिळून आहे.

आणखी एक. १९५० मध्ये हानने प्रोटॉनच्या स्पिनवर, म्हणजे त्यांच्या अंगच्या चुंबकपणावर, प्रयोग केला. सगळे स्पिन एका दिशेला, मग प्रत्येक जण आपापल्या वेगाने फिरून पांगला, संकेत विझला. बघणारा म्हणणार, गेली व्यवस्था, वाढली एन्ट्रॉपी. हानने रेडिओ-लहरींची एक पल्स दिली आणि थोड्या वेळाने संकेत पुन्हा उभा राहिला. व्यवस्था गेलीच नव्हती, बघणाऱ्याच्या हाताबाहेर होती. आता सांगा, मधल्या काळात एन्ट्रॉपी किती होती? हानला विचाराल तर वेगळी, शेजारच्याला विचाराल तर वेगळी.


बर्फवाला, हर्णै:

सर, सविस्तर लिहिलंत, आभार. "म्हणून" फुकट घातलाय हे मान्य. निऑनही पटला. पण निऑन तुम्ही सोयीचा निवडलात, मी हायड्रोजन काढतो. तो आमच्या धंद्याच्या श्रीमंत चुलत्यांचा विषय आहे, म्हणून वाचलेला आहे.

साधा हायड्रोजन दोन प्रकारांचं मिश्रण असतो, ऑर्थो आणि पॅरा (रेणूतल्या दोन प्रोटॉनचे स्पिन एका दिशेला की उलट, एवढाच फरक), साधारण तीनास एक. अगदी थंड केला की ऑर्थोचा हळूहळू पॅरा होतो आणि उष्णता सुटते. इतकी, की भरून ठेवलेला द्रव हायड्रोजन बराचसा उकळून जाऊ शकतो. रूपांतराची उष्णता बाष्पीभवनाच्या उष्णतेपेक्षा जास्त आहे. म्हणून द्रव करतानाच उत्प्रेरक घालून हे रूपांतर उरकून घेतात. आता ड्यूअरने हायड्रोजन पहिल्यांदा द्रव केला १८९८ ला. पॅरा वेगळा करून दाखवला बोनहोफर आणि हार्टेकने १९२९ ला. मधली तीस वर्षं कुणाच्या हातात ते वेगळं करणारं हत्यार नव्हतं, आणि त्यातली बहुतेक वर्षं कुणाच्या डोक्यात ही कल्पनाही नव्हती. तुमच्या हिशेबाने तेव्हा हा फरक मोजायची गरज नव्हती. फ्लास्कातला हायड्रोजन मात्र तेव्हाही तापतच असणार. फरक खरा होता, बघणारा कुणी नव्हता.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे आणि मला ती जास्त छळते. भुसा.

दोन लाद्या घ्या, एकाच टाकीतल्या, एकाच वजनाच्या. एक जेटीवर उघडी ठेवा, दुसरी भुशात पुरून वर गोणपाट टाका. संध्याकाळी पहिलीचं ओलं फरशीवर दिसेल आणि दुसरी उचलायला दोन माणसं लागतील. दोघींची सुरुवात तीच, शेवट तोच, वरचा माझा १२१ चा आकडा दोघींना सारखाच, अज्ञानही सारखंच. वेग मात्र भलताच वेगळा. भुसा तुमच्या मोजणीत कुठे आहे? मोजणी सांगते लादी कुठे पोचणार. केव्हा पोचणार याबद्दल ती तोंड उघडत नाही. आणि धंद्यात मला दुसऱ्याचंच उत्तर लागतं, होडी बाहेर किती दिवस राहणार त्यावर किती बर्फ भरायचा ते ठरतं. आता ज्या संभाव्यतेला भुसा दिसत नाही, ती लादीचं कारण कशी असेल? आणि कारण नसेल, तर ती खरोखर कसली संभाव्यता आहे?


आंबोळी, मालवण:

भुसो जिंकलो.


वेळणेश्वरची, सध्या पुणे:

दादा, भुशाचा प्रश्न तुम्ही मधे टाकलात पण मुख्य तोच आहे. (मी याच विषयात पीएच.डी. करतेय. घरी सांगितलं की "वायूवर" काम करते तर आजीला गॅस एजन्सी वाटते.)

सरांशी एका बाबतीत माझं पटत नाही, ते आधी. मोजताना दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या की एकच, हे प्रत्येक वेळी आपल्या हत्यारांवर सोडता येत नाही. बोसने १९२४ ला ढाक्याहून आइन्स्टाइनला लेख पाठवला त्यात नेमकं हेच होतं. दोन फोटॉनची अदलाबदल ही वेगळी स्थिती म्हणून मोजायचीच नाही, की प्लँकचा नियम (तापलेल्या वस्तूच्या उजेडात कुठला रंग किती ते सांगणारा) नीट बाहेर येतो. वेगळी मोजली तर चुकीचा येतो. तापलेल्या भट्टीचा रंग कसा असावा याला आपल्या माहितीशी देणंघेणं नाही. तिथे कसं मोजायचं ते निसर्गाने ठरवलं, बोसला ते सापडलं.

आता लादी. बोल्ट्झमनच्या वाटेने गेलं तर अज्ञान हा शब्दच लागत नाही. एका ढोबळ अवस्थेत, समजा अर्धी वितळलेली लादी, बसणाऱ्या सूक्ष्म स्थितींतल्या (म्हणजे प्रत्येक रेणूची नेमकी जागा आणि वेग) जवळपास सगळ्या अशा आहेत की नियमाने चालत गेल्या तर पाण्याकडे जातात. उलट जाणाऱ्या आहेत, पण दादांनी काढलेल्या आकड्याइतक्या दुर्मिळ. माणसाला हे ठाऊक असो वा नसो, ही स्थितींबद्दलची वस्तुस्थिती आहे. सरही "जवळपास सगळ्या" म्हणालेच. फक्त ते त्यावर पैज लावतात, मी त्याला लादीचा गुण म्हणते.

पण इथे एक खड्डा आहे आणि तो पुस्तकात सहसा झाकून ठेवलेला असतो. समजा सकाळी दहाला तुम्ही अर्धी वितळलेली लादी बघितलीत. जवळपास सगळ्या स्थितींच्या पुढे पाणी आहे, ठीक. तीच मोजणी मागे चालवा. न्यूटनचे नियम दोन्ही दिशांना सारखेच चालतात, त्यामुळे जवळपास सगळ्या स्थितींच्या मागेही पाणीच येतं! म्हणजे नऊ वाजता लादी नव्हतीच, पाणी होतं, आणि ते योगायोगाने आपसूक अर्धं गोठलं. लोश्मिटने १८७६ साली बोल्ट्झमनला जे कोडं घातलं त्याचंच हे हर्णैच्या जेटीवरचं रूप. तुम्ही म्हणाल, वेडेपणा आहे, लादी मी स्वतः डब्यातून काढली. बरोबर. पण ती खबर मोजणीतून आलेली नाही, बाहेरून आलेली आहे. मोजणीला भूतकाळ कळत नाही, तो वेगळा पुरवावा लागतो.

किती मागे जाऊन पुरवायचा? टाकीत लादीची एन्ट्रॉपी उतरवली कॉम्प्रेसरने. कॉम्प्रेसरची वीज पोफळीची धरू (ग्रिडमध्ये कुठली कुणाची ते कळत नाही, पण आपल्या जिल्ह्यातली म्हणून). पोफळीला पाणी कोयनेच्या धरणाचं, ते घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं, तो पाऊस सूर्याने उचललेल्या समुद्राचा. सूर्याचा पृष्ठभाग ५७७२ केल्विन आणि पृथ्वी उष्णता बाहेर टाकते ती सरासरी २५५ केल्विनने, त्यामुळे सूर्याकडून येणाऱ्या एका फोटॉनमागे आपण साधारण वीस अवरक्त फोटॉन अवकाशात परत करतो. तुमचा सगळा धंदा या एकास वीसच्या मोडीवर चालतो. आणि सूर्य असा का? कारण सुरुवातीचं विश्व कमालीच्या कमी एन्ट्रॉपीत होतं. बोल्ट्झमनला हे गृहीत धरावं लागेल हे १८९० च्या दशकातच दिसलं होतं. डेव्हिड अल्बर्टने २००० साली त्याला गतकाळाचं गृहीतक असं नाव दिलं. काळाची दिशा तिथून येते, शक्यतेतून नाही.

आता भुसा. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, स्थितींच्या मोजणीत वेग नाही. वेग टकरींत आहे. हवेचा रेणू भुशाच्या कणाला धडकतो, तो शेजारच्याला, कणांच्या मधे हवा अडकून पडलेली, उष्णता रांगत जाते. हे गणित बोल्ट्झमनने १८७२ मध्ये वायूसाठी केलं आणि त्यात एक गृहीतक घातलं: टक्कर व्हायच्या आधी दोन रेणूंचे वेग एकमेकांशी संबंध नसलेले असतात. टकरीनंतर ते संबंधित होतात, आधी नसतात. संभाव्यता त्या दारातून आत येते, प्रत्येक टकरीला, आणि दिशाही त्याच दारातून. सगळी हुशारी "आधी" या शब्दात आहे.

हे गृहीतक न्यूटनमधून सिद्ध होतं का? १९७५ मध्ये लॅनफर्डने विरळ वायूसाठी, रेणू म्हणजे कडक गोळ्या मानून, सिद्ध केलं की सुरुवातीच्या जवळपास सगळ्या स्थितींसाठी बोल्ट्झमनचं समीकरण खरंच निघतं. पण दोन टकरींमधल्या सरासरी काळाच्या एक पंचमांशाएवढ्या वेळापुरतंच. हवेत हा सरासरी काळ सेकंदाच्या १० अब्जाव्या भागाच्या आसपास असतो! २०२४ मध्ये देंग, हानी आणि मा या तिघांनी ही मुदत खूप लांबवणारा निकाल मांडलाय. तोही वायूचाच. बर्फ आणि भुसा अजून रांगेत उभे आहेत.

आणि टकरी नीट मिसळत नसतील तर नुसती मोजणी चक्क तोंडघशी पाडते. १९५० च्या दशकात लॉस अलामॉसला फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या गोळ्यांची साखळी संगणकावर चालवली, प्रोग्रॅम मेरी त्सिंगूने लिहिला. अपेक्षा होती की एका कंपनात घातलेली ऊर्जा सगळ्यांत वाटली जाईल. ती थोडी पसरली आणि बऱ्याच वेळाने जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परत आली. १९५५ चा अहवाल आहे.


निवृत्त मास्तर, चिपळूण:

ताई, छान लिहिलंत, पोफळीपर्यंत नेलंत ते तर विशेष. पण "जवळपास सगळ्या" हे चार-पाचदा म्हणालात. कुठल्या मापाने?

स्थिती अनंत आहेत, मोजता येत नाहीत, त्यांना वजन द्यावं लागतं. तुम्ही लिओव्हिलचं माप घेता, म्हणजे जागा आणि वेगांच्या सगळ्या शक्यतांना सारखं वजन, कारण काळाबरोबर ते बदलत नाही. चांगलं कारण आहे. पण न बदलणारी मापं इतरही आहेत, आणि एका मापाने जे शून्य ते दुसऱ्या मापाने सगळं असू शकतं. उलट जाणाऱ्या त्या दुर्मिळ स्थितींवरच सगळं वजन टाकणारं माप मी आत्ता लिहून देतो, गणिताची काही हरकत नाही. तुम्ही ते नाकाराल. का? कारण तुमच्याकडे तसं मानायला काही कारण नाही. झालं! हेच मी अज्ञान म्हणतो. टकरीच्या "आधी संबंध नाही" हेही तेच. संबंध नाही हे कुणी बघितलं नाही, संबंध असल्याची खबर नाही एवढंच.

बोस आणि हायड्रोजन मान्य. तिथे मी मागे सरतो असं नाही, एवढंच म्हणतो की निसर्गाने नवी गोष्ट दाखवली की माहिती बदलते आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ड्यूअरचा हिशेब चुकला असता आणि त्या चुकीवरूनच त्याला कळलं असतं की काहीतरी सुटलंय. जेन्सची पद्धत वापरायची ती त्यासाठीच, भाकीत फसलं की नवीन भौतिकी हाताला लागते.


वेळणेश्वरची, सध्या पुणे:

सर, मापाचा प्रश्न खराच अवघड आहे, तो टाळत नाही. पण लिओव्हिलचं माप आपण बिनपुराव्याचं उचललेलं नाही. लहान व्यवस्थेत तर उलट्या दिशेने जाणाऱ्या स्थिती प्रत्यक्ष दिसतात. २००२ मध्ये कॅनबेराला पाण्यातला एक सूक्ष्म मणी लेसरने धरून ओढला. मधूनमधून एन्ट्रॉपी कमी होताना दिसली, म्हणजे पाण्याच्या रेणूंनीच मण्याला पुढे ढकललं. आणि किती वेळा दिसली ते याच मापावर उभ्या असलेल्या सिद्धांताशी जुळलं. तुमचं ते लिहून दिलेलं माप त्या मण्याने तिथेच फेटाळलं असतं. ज्याला प्रयोग फेटाळू शकतो ते निव्वळ माझ्या डोक्यातलं कसं?


बर्फवाला, हर्णै:

ताई, "आधी"वाली गोष्ट चार वेळा वाचली. भुशाचं उत्तर मिळालं असं म्हणत नाही, पण दार कुठलं ते कळलं. सरांचं मापाचं म्हणणंही कापता येत नाहीये. दोघांनाही एक जागा दाखवतो जिथे मला शक्यता हाताने शिवता येते असं वाटतं.

सीलबंद पाण्याच्या बाटल्या मिठाच्या टाकीत सोडल्या तर सगळ्या शून्याला गोठत नाहीत. पाणी शून्याखाली जातं आणि पातळच राहतं. मग एखादी एकदम गोठते, वरपासून खालपर्यंत पांढरी सुई धावल्यासारखी. शेजारची तशीच्या तशी. एकाच खोक्यातल्या, एकाच टाकीत, एकाच वेळी सोडलेल्या. आधी कुठली गोठणार हे मला आजवर सांगता आलेलं नाही. पहिलं बीज कुठल्या क्षणी जमतं, ही शक्यता कुणाची? बाटलीची की माझी?


निवृत्त मास्तर, चिपळूण:

हे बसून भांडण्यापेक्षा करून बघा, टाकी तुमच्याकडे आहे. बाटल्यांवर पक्क्या शाईने नंबर घाला. सगळ्या एकदम सोडा, तापमान हलू देऊ नका, वरून हवेची नळी लांब ठेवा, कुणाला डबे ओढू देऊ नका. प्रत्येक बाटली कधी गोठली ती वेळ लिहा. मग सगळ्या वितळवा, पूर्ण, बर्फाचा कण उरता कामा नये, आणि त्याच बाटल्या पुन्हा सोडा. असं बरेचदा.

दर खेपेला क्रम तोच आला, म्हणजे सात नंबर नेहमी आधी आणि तीन नंबर नेहमी शेवटी, तर ती शक्यता नव्हे, सात नंबरच्या तळाशी कसलातरी कण आहे आणि तुम्हाला तो माहीत नव्हता. माझा पक्ष. क्रम दर खेपेला बदलला, आणि न गोठलेल्या बाटल्यांची संख्या लॉगच्या कागदावर वेळेबरोबर सरळ रेषेत उतरली, तर ताईंना बोलू द्या. माझा अंदाज, दोन्हीची भेळ निघेल. कॉम्प्रेसर जोडून झाला की कळवा, लॉगचा कागद माझ्याकडे जुना पडून आहे, एसटीने पाठवतो.


आंबोळी, मालवण:

बाटल्यो गोठल्यो की फोटो टाका.